रोज एक पट्टा : जुन्या लोकरीचा स्वेटर आणि ज्येष्ठांचे हात

कोजागिरी उलटली की घरोघरी माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. त्यांत शाली असतात, कानटोप्या असतात, नातवंडांना आखूड झालेले स्वेटर असतात. आणि तळाशी बहुधा एक कापडी पिशवी असते. पिशवीत उरल्यासुरल्या लोकरीचे गुंडे. कोणा आत्याने दिलेली किरमिजी, सासूबाईंच्या अर्ध्यावर राहिलेल्या स्वेटरची राखी, कधीतरी उसवून ठेवलेली मोरपंखी. कोणत्याही एका रंगाची लोकर अख्ख्या स्वेटरला पुरणारी नसते. म्हणून पिशवीला ऊन दाखवले जाते आणि ती पुन्हा ट्रंकेत जाते.

अशा तुटपुंज्या लोकरीवर गृहिणींनी काढलेला तोडगा म्हणजे आडव्या पट्ट्यांचा स्वेटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले आणि ते मार्च १९४९ पर्यंत टिकले. त्या काळात तेथील बायका जुने स्वेटर उसवून, मिळेल त्या रंगांचे पट्टे जोडून नवे विणत असत. आपल्याकडे असे सरकारी आवाहन लागलेच नाही. काटकसर अंगवळणी पडलेली होती. साठ-सत्तरच्या दशकांतील कौटुंबिक छायाचित्रे काढून पाहिली, तर एखाद्या तरी भावंडाच्या अंगात असा पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर दिसेल. आज तरुण मंडळी त्यालाच ‘रेट्रो’ म्हणून कौतुकाने पाहतात.

कुटुंबाचा डॉक्टर म्हणून मला या स्वेटरचे अप्रूप वेगळ्या कारणासाठी वाटते. उतारवयातील हातांना, डोळ्यांना आणि मनाला झेपेल असे जे मोजके काम आहे, त्यात पट्ट्यांचा स्वेटर फार वरच्या जागी आहे. त्याचे कारण साधे आहे. या कामात थांबण्याची जागा आधीच ठरलेली असते.

पट्टा हीच मात्रा

औषधाला जशी मात्रा असते, तशी श्रमालाही असावी लागते. एकरंगी स्वेटर विणणारी व्यक्ती ‘आणखी एक ओळ, आणखी एक ओळ’ करीत दोन-दोन तास बसून राहते आणि मग रात्री अंगठा ठणकतो. पट्ट्यांच्या स्वेटरमध्ये रंग बदलण्याची वेळ आली की हात आपोआप थांबतो.

थोडा हिशेब करून पाहू. ४० इंच छातीच्या व्यक्तीसाठी, मध्यम जाडीच्या लोकरीने, ८ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या सुयांवर पाठ विणायची, तर साधारण १२० टाके घालावे लागतात. सहा ओळींचा एक पट्टा सुमारे २ सेंटिमीटर रुंद होतो. त्यात ७२० टाके येतात. मध्यम गतीने विणणाऱ्या हाताला त्यासाठी सुमारे अर्धा तास लागतो. पाठीची लांबी ६२ सेंटिमीटर धरली, तर तीस-एकतीस पट्टे होतात. म्हणजे रोज एक पट्टा विणला की महिन्याभरात पाठ तयार. पुढच्या भागाला तेवढाच वेळ. बिनबाह्यांचा स्वेटर कोजागिरीच्या सुमारास सुरू केला, तर संक्रांतीच्या आत अंगात घालता येतो. अशा स्वेटरला ३०० ते ३५० ग्रॅम लोकर लागते. जुन्या हिशेबाने अकरा-बारा औंस.

एका पाठीत वीस हजारांहून अधिक टाके असतात, हे मात्र विसरू नये. प्रत्येक टाक्याला अंगठा आणि मनगट एकदा वळते. म्हणून अर्ध्या तासाची मर्यादा पाळणे ही चैन नव्हे, गरज आहे. पट्टा संपला की उठावे, घरात दोन फेऱ्या माराव्यात, पाणी प्यावे. दुसरा पट्टा घालण्याची हौस असेल तर तो संध्याकाळी.

लोकर कामाची आहे का, हे पाहणे

वारशाने आलेली सर्वच लोकर वापरण्याजोगी नसते. हे काम कुटुंबातील सर्वांनी मिळून करावे.

प्रथम धागा ओढून पाहावा. हलक्या ताणाने तुटत असेल, तर तिला कसर लागलेली आहे किंवा ती जीर्ण झाली आहे. कसर म्हणजे एका लहान पतंगाची अळी. मेंढीच्या लोकरीतील केराटिन हे प्रथिन तिचे अन्न असते. आपले केस आणि नखेही केराटिनचीच. शंका असेल तर लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावी आणि नंतर झटकून चांगले ऊन द्यावे. झटकण्याचे काम मोकळ्या हवेत, नाकातोंडाला रुमाल बांधून, घरातील धडधाकट माणसाने करावे. दमा असलेल्या व्यक्तीने तेवढा वेळ दूर बसावे.

लोकर खरी की अ‍ॅक्रिलिकची, हे ओळखण्यासाठी बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याचे भांडे ठेवून जाळून पाहता येतो. खऱ्या लोकरीला जळत्या केसांचा वास येतो, ज्योत लवकर विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी बनतो. ही परीक्षा थरथरत्या हातांनी करू नये. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश इतका ओलावा शोषूनही अंगाला ओलसर लागत नाही, म्हणून ती उबदार वाटते. अ‍ॅक्रिलिक हलके असते, धुण्यास सोपे असते आणि लोकरीने खाज सुटणाऱ्यांना सोसते. पण आगीजवळ ते वितळून त्वचेला चिकटते. जी आजी अजून स्वयंपाकघरात उभी राहते, देवापुढे समई लावते, तिच्या स्वेटरच्या बाह्या सैल आणि लांब नसाव्यात.

जुना स्वेटर उसवायचा असेल, तर आधी शिवणी सोडवाव्यात. हाताने विणलेला स्वेटर बहुधा खालच्या पट्टीपासून वर विणलेला असतो. म्हणून तो गळ्याकडून, म्हणजे जेथे टाके बंद केले आहेत तेथून, उसवतो. आटून घट्ट झालेला स्वेटर उसवत नाही, त्याचा नाद सोडावा. उसवलेला धागा कुरळा असतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य द्रव साबणाने धुवावी आणि न पिळता सावलीत टांगावी. खाली हलके वजन अडकवले की धागा सरळ होतो. पक्क्या रंगाची खात्री करण्यासाठी ओला धागा पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. किरमिजी आणि गडद निळा हे रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरण्यात पटाईत.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. आपल्याकडे लोकर वर्षानुवर्षे डांबराच्या गोळ्यांत ठेवतात. यातील पुष्कळशा गोळ्या नॅप्थालीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. हे प्रमाण मुलग्यांत अधिक. अशा बाळाच्या अंगावर नॅप्थालीनचा वास मुरलेले कपडे आले, तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी झपाट्याने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊन मेंदूला इजा होऊ शकते. ही कमतरता आपल्या बाळात आहे की नाही, हे घरात कोणाला ठाऊक नसते. म्हणून नवजात नातवंडासाठी टोपडे किंवा स्वेटर विणायचा असेल, तर डांबराच्या गोळ्यांतील लोकर वापरूच नये. त्यासाठी नवी लोकर आणावी. मोठ्यांसाठीही ही लोकर धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत अनेक दिवस हवेवर ठेवूनच हातात घ्यावी.

विणण्यातील काही सोयी

पट्ट्यांसाठी सर्व रंगांच्या लोकरीची जाडी सारखी असावी. तीन पदरी आणि चार पदरी लोकर शेजारी-शेजारी आली, तर स्वेटर लाटालाटांचा होतो. पातळ लोकर दुहेरी धरून जाडी साधता येते. पट्टा नेहमी सम ओळींचा ठेवावा, म्हणजे रंग नेहमी एकाच कडेला बदलतो आणि अरुंद पट्ट्यांत धागा न तोडता कडेने वर नेता येतो. धाग्याची टोके शेवटी ओवण्यापेक्षा विणतानाच गुंतवत जावीत. बारीक सुईत दोरा ओवण्याचे डोळ्यांचे कष्ट वाचतात. जी लोकर सर्वांत कमी आहे तिचे वजन आधी करावे आणि तिला दोन-चार पट्ट्यांतच ठेवावे. भरपूर असलेला एखादा रंग मध्येमध्ये फिरवत ठेवला की बाकीच्या रंगांत मेळ राहतो.

आपल्या बाजारातील सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. उतारवयात १२ नंबरच्या बारीक सुयांचा हट्ट धरू नये. ८ किंवा ९ नंबरची सुई बोटांना धरायला सोपी. बांबूच्या किंवा लाकडी सुया हलक्या असतात, थंडीत गार लागत नाहीत आणि त्यांवरून टाके घरंगळत नाहीत. दोन टोकांना जोडणारी गोल सुई मिळाली तर आणखी उत्तम, कारण स्वेटरचे वजन मनगटावर न येता मांडीवर विसावते.

हात, मान आणि पाय

अंगठ्याच्या मुळाशी होणारी सांध्याची झीज रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत फार आढळते. डबीचे झाकण उघडताना किंवा किल्ली फिरवताना तेथे कळ येत असेल, तर सुया जाड घ्याव्यात, वीण सैल ठेवावी आणि पट्टा चार ओळींचाच करावा. विणण्यापूर्वी पाच-सात मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवून ठेवल्याने ताठरपणा कमी होतो. मधुमेहामुळे ज्यांच्या हातांची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्यासाठी पाणी किती गरम आहे हे दुसऱ्याने पाहावे.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, ही मनगटातील नस दाबली जात असल्याची लक्षणे असतात. बोट वाकते पण सरळ होताना खटकन अडकते, हा आणखी एक विकार. मधुमेह असणाऱ्यांत हे दोन्ही अधिक दिसतात. थायरॉइडची कमतरता असल्यासही नस दाबली जाते. अशा वेळी विणकाम थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. ‘वयामुळे होतंच’ असे म्हणून अंगावर काढू नये.

बसण्यासाठी हात असलेली खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले, कोपरांखाली उशी. उजेड खांद्यामागून कामावर पडावा. मान खाली घालून तास न् तास बसू नये. काम छातीच्या जवळ आणावे. लोकरीचा गुंडा जमिनीवर मोकळा सोडू नये, तो डब्यात किंवा पिशवीत ठेवावा. पायात अडकलेला धागा आणि मोडलेले खुब्याचे हाड यांत अंतर फार थोडे असते. काम संपल्यावर सुयांच्या टोकांना बूच लावावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे.

मनाला काय मिळते?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ७० ते ८९ वयोगटातील सुमारे तेराशे व्यक्तींच्या सवयी तपासल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विणकामासारखी हस्तकला, पुस्तकांचे वाचन, खेळ अशा गोष्टींत रमणाऱ्यांमध्ये स्मृती व आकलनाचा सौम्य ऱ्हास कमी आढळला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत साडेतीन हजारांहून अधिक विणकरांनी उत्तरे दिली होती. जे वारंवार विणत, त्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे सांगितले. अशा पाहण्यांतून विणकामामुळे स्मृतिभ्रंश टळतो असे सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच विणत राहतात, असेही असू शकते. तरीही ओळी मोजणे, रंगांचा क्रम लक्षात ठेवणे, दोन्ही हात एका तालात चालवणे हा मेंदूचा खरा व्यायाम आहे आणि त्याचा अपाय काही नाही.

त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. वृद्धापकाळी माणसाला औषधे मिळतात, जेवण मिळते, काळजी मिळते. परंतु त्याच्याकडे कोणी काही मागत नाही. ‘आई, तू फक्त आराम कर’ हे प्रेमाचे वाक्य ऐकता ऐकता आपली कोणाला गरज उरलेली नाही, असे मनात बसत जाते. ‘मला थंडीत पहाटे बाहेर पडावं लागतं, मला एक स्वेटर विणून दे’ या मागणीत जी ताकद आहे, ती कोणत्याही टॉनिकमध्ये नाही. मात्र मागणी खरी असावी. माप द्यावे, रंग सांगावे, आणि तयार झालेला स्वेटर घालावा. वेळ जावा म्हणून दिलेले काम वृद्धांना लगेच ओळखता येते.

वीण बिघडली तर

वर्षानुवर्षे विणणाऱ्या व्यक्तीची वीण हा तिच्या प्रकृतीचा लेखी पुरावाच असतो. तो वाचता आला पाहिजे.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांची मुलगी माझ्याकडे घेऊन आली. ‘डॉक्टर, आईला हल्ली विसरायला होतं. आयुष्यभर विणलं, आणि आता टाके सुटतात,’ असे सांगताना तिचा आवाज दाटला होता. स्मृतिभ्रंशाची भीती तिने मनात घेतली होती. तिने तो स्वेटर बरोबर आणला होता, गडद निळ्या आणि सायीच्या रंगाच्या पट्ट्यांचा. मी तो उजेडात धरून पाहिला. सुटलेले टाके होते, पण सर्व निळ्या पट्ट्यांत. सायीच्या रंगाच्या पट्ट्यांत एकही चूक नव्हती. प्रत्येक पट्टा नेमका सहा ओळींचा होता. आजींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो डॉक्टर, निळ्यात मला टाका दिसतच नाही हो, बोटांनी चाचपून घेते.’ ज्यांना विसर पडतो त्यांची मोजणी इतकी चोख नसते, आणि चूक रंग पाहून होत नाही. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी उरलेला स्वेटर पूर्ण केला.

मोतीबिंदूत गडद रंगावरचा बारीक फरक कळेनासा होतो. म्हणून ज्यांची नजर कमी आहे त्यांच्यासाठी निळा, काळा, जांभळा हे रंग टाळून फिकट रंग निवडावेत, आणि मांडीवर विरुद्ध रंगाचे फडके पसरावे. म्हणजे फिकट लोकरीखाली गडद, गडद लोकरीखाली पांढरे.

याउलट, पन्नास वर्षे विणणाऱ्या व्यक्तीला सुलट-उलटमधला फरकच आठवेनासा झाला, तीच ओळ पुन्हा पुन्हा विणली जाऊ लागली, सुया हातात घेऊन पुढे काय करायचे ते सुचेना, तर ते गांभीर्याने घ्यावे. तेव्हाही घाबरून लगेच स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम यांनीही असे होते आणि यांवर उपचार आहेत. शाकाहारी ज्येष्ठांत आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी असण्याची शक्यता अधिक असते. रक्ताची साधी तपासणी पुरेशी ठरते.

आणि विणता विणता एका हातातून सुई अचानक गळून पडली, तोंड वाकडे झाले, शब्द अडखळले, तर तो पक्षाघात समजावा. किती वाजता घडले ते नोंदवून, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ‘थोडं पडून राहिल्यावर बरं वाटेल’ म्हणून थांबू नये.

ज्येष्ठांच्या अंगासाठी विणताना

ज्येष्ठांचा स्वेटर समोरून उघडणारा असावा. मधुमेहात खांदा आखडण्याची तक्रार सर्रास असते आणि डोक्यावरून स्वेटर काढताना डोळ्यांत पाणी येते. मुंढा सैल, बटणे मोठी, पक्षाघात झालेल्यांसाठी बटणांऐवजी चिकटपट्टी. पक्षाघाताच्या रुग्णाला स्वेटर घालताना आधी अधू हात बाहीत घालावा, मग चांगला. काढताना आधी चांगला हात, मग अधू. हा क्रम काळजी घेणाऱ्यांनी पाठ करून ठेवावा. अधू खांद्याची बरीच ओढाताण त्याने वाचते. गळा आणि पाठ उबदार हवी, पण जाड एका स्वेटरपेक्षा सुती सदरा आणि त्यावर मध्यम जाडीचा स्वेटर हे बरे. दुपारी ऊन चढले की एक थर उतरवता येतो. वृद्धांना थंडी लवकर जाणवत नाही, तरी त्यांचे शरीर मात्र लवकर गार पडते, हेही ध्यानात असावे.

ज्यांना आता विणता येत नाही त्यांनाही या कामात वाटा आहे. लडी हातांवर धरणे, गुंडा करणे, रंग निवडणे, ओळी मोजणे हे आजोबांनाही जमते. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला असेल, तर टोकदार सुया हाती देऊ नयेत. रंगीत गुंडे वेगळे करण्यातही अशा व्यक्तींचे हात तासभर रमतात.

या आठवड्यात घरातील ती पिशवी काढा. लोकर तपासा, धुवा, वजन करा, आणि स्वेटर कोणासाठी हे आधी ठरवा. सहा ओळींचा पहिला पट्टा झाला की तेथेच थांबा. दुसरा पट्टा उद्याचा.